दादाला पीटीएसडी आहे. मालवणला स्कूबाला नेलं तर फरक पडेल का?

मोहोळ तालुक्यातून एका बहिणीने विचारलंय. थोरला भाऊ सतरा वर्षं सैन्यात होता, दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन घरी आला. रात्री ओरडत उठतो, दाराकडे पाठ करून बसत नाही, मुलांवर खेकसतो आणि मग स्वतःच रडतो. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला सोलापूरला नेलं, तर होम मैदानावर शोभेचं दारूकाम सुरू होताच हात सोडवून पळाला आणि तासाभराने पार्क चौकात एका दुकानाच्या पायरीशी बसलेला सापडला. परदेशात सैनिकांचा पीटीएसडी स्कूबा डायव्हिंगने बरा करतात, असं तिने कुठेतरी पाहिलं. आता दिवाळीनंतर दादाला मालवणला न्यायचा विचार आहे. न्यावं का, आणि सोलापुरात तशी काही सोय आहे का, असा प्रश्न आहे.

ताई, मालवणचं बुकिंग आत्ता करू नका. पण कल्पना टाकूनही देऊ नका. या दोन वाक्यांत बरंच काही आहे, म्हणून उत्तर लांबणार आहे.

मी मानसोपचारतज्ज्ञ, सोलापुरात बावीस वर्षं बसतोय. पंचेचाळिशीत अंदमानला जाऊन डायव्हिंग शिकलो, तेव्हा घरच्यांनी माझी भरपूर थट्टा केली. चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावातला माणूस, उन्हाळ्यात उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्यात गेलं की टँकरची वाट बघणारा, आणि हा समुद्राच्या तळाशी जाऊन काय आणणार? पहिल्या दिवशी मीही काही आणलं नाही. मास्कमध्ये मुद्दाम पाणी घेऊन, मान वर करून नाकातून श्वास सोडत ते बाहेर काढायचं असतं. ते करताना माझी अशी काही गाळण उडाली की गुडघाभर पाण्यात उभा राहून मी धापा टाकत होतो. पेशंटला ‘घाबरू नका’ म्हणणं किती फुकटचं असतं ते त्या सकाळी कळलं.

दादांना जे होतंय ते आधी नीट समजून घेऊ. पीटीएसडी म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मागे राहणारा मानसिक आजार. तो भित्रेपणा नाही आणि बाहेरचं लागणंही नाही. धोका संपला, ही बातमी डोक्याला मिळालेली असते, शरीराला पोचलेली नसते. आपण मोहोळमध्ये आहोत हे त्यांना ठाऊक असतं, पण फटाका वाजला की छाती, पाय आणि कान चौकीवर परत जातात. मग माणूस आठवण करून देणारं सगळं टाळायला लागतो. टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यानेच आजार पक्का होतो. १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत हे नाव अधिकृत आलं. त्यानंतर ज्या उपचारांचा खरा अभ्यास झाला, त्यांतले बहुतेक या टाळण्याच्या गाठीवरच काम करतात. आठवणीला सुरक्षित जागी, ठरवून, पुन्हापुन्हा सामोरं जाणारी प्रोलाँग्ड एक्स्पोजर थेरपी, ‘माझ्यामुळेच तो गेला’ अशा अडकलेल्या विचारांवर काम करणारी कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, आणि डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करत आठवणीवर काम करणारी ईएमडीआर. साधारण आठ ते पंधरा बैठका लागतात, कधी जास्त. जोडीला सर्ट्रालिनसारखं औषध. मुख्य उपचार हा असा आहे.

मग स्कूबाचं काय? तुम्ही पाहिलंत ते खोटं नाही. २०११ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॉक्टरांनी पाठीच्या कण्याला इजा झालेल्या १० माजी सैनिकांना केमन बेटांवर डायव्हिंग शिकवून आधी आणि नंतर मोजमाप केलं. पीटीएसडीची लक्षणं बरीच उतरलेली दिसली. ब्रिटनमध्ये डेप्थेरपी नावाची संस्था जखमी सैनिकांना डायव्हिंग शिकवते. फ्रान्समध्ये डायव्हिंग आणि माइंडफुलनेस (चालू क्षणावर लक्ष ठेवण्याचा सराव) यांची सांगड घालून बाथीस्मेड नावाची पद्धत बसवली गेली आणि पीटीएसडीच्या मोजक्या रुग्णांवर तिची तुलना इतर खेळांशी झाली. डायव्हिंगवाल्यांना महिन्याभराने जास्त आराम होता. तीन महिन्यांनी मात्र तो फायदा टिकलेला दिसला नाही.

बातम्यांत ‘महिन्याभराने’ छापलं जातं, ‘तीन महिन्यांनी’ गळून पडतं. शिवाय दहा माणसांच्या अभ्यासात बरं कशाने वाटलं ते वेगळं काढता येत नाही. समुद्र, सुट्टी, सोबतचे फौजी, की कुणीतरी आपली दखल घेतली हे सुख? आपल्याकडे पंढरीच्या वारीहून आलेला माणूसही पंधरा दिवस शांत झोपतो. त्यात काही खोटं नसतं, पण म्हणून मी चिठ्ठीवर वारी लिहून देत नाही.

तरीही मी डायव्हिंगला हसत नाही, आणि कारण अगदी साधं आहे. डायव्हिंगचा पहिला नियम म्हणजे श्वास कधीही रोखायचा नाही. समुद्रात दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट, आणि तिथे घेतलेली छातीभर हवा पृष्ठभागावर येईतो दुप्पट फुगते. श्वास रोखून वर आलात तर फुप्फुस फाटू शकतं, म्हणून शिक्षक हा नियम पहिल्या तासापासून रक्तात भिनवतात. आता पीटीएसडीवाल्या माणसाकडे बघा. दारावर थाप पडली, कुकरची शिट्टी झाली, मागून स्कूटर गेली की त्याचं शरीर सगळ्यात आधी काय करतं? श्वास रोखतं. ज्या क्षणी रोखायची सवय, नेमक्या त्या क्षणी सोडायची सक्ती करणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

त्यात फसवाफसवी चालत नाही हेही खरं. ‘मी रिलॅक्स आहे डॉक्टर’ असं माझ्यासमोर म्हणता येतं. पाण्याखाली सिलिंडरचा काटा बोलतो. सुरुवातीला साधारण २०० बार दाब असतो, आणि घाबरलेला माणूस तो भराभर संपवतो. माझ्याकडचा एक निवृत्त जवान होता (गाव सांगत नाही, जिल्हा आपलाच). कोर्सच्या पहिल्या डाइव्हला वीस मिनिटांत त्याचा काटा ५० वर आला आणि सगळ्यांना त्याच्यासाठी वर यावं लागलं. त्याला फार लाज वाटली. शेवटच्या दिवशी तेवढ्याच वेळात, तेवढ्याच खोलीवर ९० शिल्लक होते. परत आल्यावर त्याने मला मासे सांगितले नाहीत, प्रवाळ सांगितलं नाही. आकडे सांगितले. दोन वर्षांत आपल्या शरीरावर आपला ताबा आहे याचा पुरावा त्याच्या हाती पहिल्यांदा लागला होता.

तरंगण्याचंही तसंच. वजन आणि हवा नीट जुळली की श्वास घेतला तर माणूस थोडा वर जातो, सोडला की खाली येतो. हातपाय मारायचे नाहीत. रात्रंदिवस पहारा देणाऱ्या शरीराला ही विश्रांती जमिनीवर कधी मिळत नाही. आणि खाली कुणी विचारत नाही, ‘काय झालं होतं रे तिकडे?’ आपल्या नातेवाइकांपासून असलं संरक्षण दुसरीकडे कुठे मिळणार!

पण हाच माणूस कोर्सला जाण्याआधी माझ्याकडे चौदा बैठका बसला होता. सगळ्यात वाईट आठवणीपाशी येऊन अडकायचा, उठून जायचा. डायव्हिंगनंतर तीच आठवण त्याने बसून पूर्ण सांगितली. स्वप्नं थांबली नाहीत, कमी झाली. समुद्रामुळे झालं की चौदा बैठकांमुळे, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

आता दुसरी गोष्ट, हिच्यासाठीच मी तुम्हाला थांबवतोय. हायवेवरच्या अपघातात केबिनमध्ये अडकून पडलेला एक ड्रायव्हर माझ्याकडे तीन बैठका आला आणि बंद झाला. मित्रांनी ‘चल, मन रमेल’ म्हणून कोकणात नेलं आणि पर्यटकांच्या स्कूबाला उतरवलं. पाणी फार तर दोन पुरुष खोल. मास्कमध्ये पाणी शिरलं, त्याने हातपाय झाडले, तेव्हा पाठीमागच्या शिक्षकाने त्याचे खांदे घट्ट दाबून धरले. शिक्षकाचं त्यात चुकलं असं मी म्हणणार नाही, घाबरलेल्या माणसाला धरायलाच हवं. पण याच्या लेखी तो पुन्हा केबिनमध्ये अडकला होता. तोंडातला हवा देणारा रेग्युलेटर उपटून तो वर झेपावला. खोली कमी, म्हणून वाचला. पुढचे सहा महिने डोक्यावरून तांब्या ओतून घ्यायलाही तयार नव्हता. मग माझ्याकडे परत आला, आणि आम्हाला शून्याच्याही मागून सुरुवात करावी लागली.

मालवण-तारकर्लीला बहुतेक पर्यटक जे करतात ते डायव्हिंग शिकणं नसतं. थोडी माहिती देतात, पट्टा बांधतात, आणि शिक्षक मागून टाकी धरून तुम्हाला काही मिनिटं काही मीटर खाली फिरवून आणतो. धडधाकट माणसाला मजा येते, येऊ दे. पण दादा दाराकडे पाठ करून बसत नाहीत असं तुम्हीच लिहिलंय. अशा माणसाला मागून, न दिसणाऱ्या हाताने, पाण्याखाली धरायचं? त्यात मालवणचं पाणी नेहमी नितळ नसतं, कधी चार हातांपलीकडचं दिसत नाही. आवाजाचा त्रास वेगळाच. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून वेगाने धावतो, त्यामुळे तो कुठून येतोय हे कानांना उमगत नाही. वरून जाणाऱ्या बोटीचं इंजिन चोहीकडून आल्यासारखं वाटतं. कायम कानोसा घेणाऱ्या फौजीला हे काय वाटेल याचा विचार करा.

आणखी एक किरकोळ वाटणारी गोष्ट. पाण्याखाली अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘मस्त’ असा होत नाही, ‘वर चला’ असा होतो. ‘ठीक आहे’साठी अंगठा आणि तर्जनीचं गोल कडं करायचं. घाबरलेला माणूस सवयीने अंगठा दाखवतो आणि मग सगळे वर का निघाले म्हणून आणखी घाबरतो. खुणा घरीच पाठ व्हायला हव्यात.

शरीराची तपासणी टाळू नका, फौजींच्या बाबतीत तर मुळीच नाही. दादांच्या जवळ कधी स्फोट झाला होता का? स्फोटाच्या दाबाने कानाचा पडदा फाटतो, आणि तसा पडदा घेऊन खाली जाता येत नाही. डोक्याला मार लागून शुद्ध हरपली होती का? त्यानंतर कधी झटका आला होता का? पाण्याखाली फिट येणं म्हणजे बुडणंच. दमा, मधुमेह, हृदयविकार असेल तर त्या-त्या डॉक्टरांचं मत घ्या. डायव्हिंगच्या रीतसर फॉर्मवर मानसिक आजाराचाही प्रश्न असतो. आपले लोक सगळीकडे ‘नाही’वर टिक करतात आणि सही ठोकतात. तसं करू नका. ‘हो’ लिहा आणि डॉक्टरांची परवानगी घ्या. अचानक घाबरण्याचे झटके चालू असतील, मरणाचे विचार येत असतील, किंवा जागेपणी जुना प्रसंग डोळ्यांपुढे येऊन आपण कुठे आहोत याचं भान सुटत असेल, तर मी परवानगी देत नाही. नंतर बघू म्हणतो.

औषधांचंही सांगतो. झोपेसाठी कुणी क्लोनाझेपाम चालू केलं असेल तर ते मनाने बंद करू नका, एकदम बंद केल्यावर फिटही येऊ शकते. पण पीटीएसडीवर त्या गोळ्यांचा भरवसा धरू नये, मार्गदर्शक तत्त्वं त्यांच्या विरोधात आहेत आणि सवय लागते ती वेगळीच. खोलवर नायट्रोजनमुळे डोक्याला गुंगी येते, त्यात गुंगीच्या गोळीची भर नको. सर्ट्रालिन घेणारे अनेक जण डायव्हिंग करतात, पण डोस स्थिर होऊन काही महिने उलटलेले असावेत आणि माणूस त्यावर बरा चाललेला असावा. आणि ताई, कॅन्टीनच्या दारूच्या कोट्याचं विचारतोच. निवृत्त फौजींच्या घरात ही बाटली औषधासारखी ठेवलेली मी खूप पाहिली आहे. ती रोज लागत असेल तर आधी तिचा उपचार.

सोलापुरात समुद्र नाही, पण सुरुवात इथेच करायची आहे. आमच्या लहानपणी विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला सुका भोपळा नाही तर पत्र्याचा डबा बांधायचे आणि काका काठावरून ढकलायचे. तसलं ढकलणं दादांच्या वाट्याला यायला नको. पहिले दोन-तीन महिने फक्त उपचार आणि श्वास. रोज दोनदा दहा मिनिटं, चार आकडे मोजत नाकातून श्वास आत, सहा आकडे मोजत बाहेर. सोडणं घेण्यापेक्षा लांब, एवढंच लक्षात ठेवायचं. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती उतरते. गार पाण्यात चेहरा बुडवला की ती आणखी उतरते, हे प्रतिक्षिप्त आहे, शिकावं लागत नाही. म्हणून मी पेशंटला घरी घमेल्यात गार पाणी घेऊन दहा-पंधरा सेकंद तोंड बुडवायला सांगतो. हृदयाचा त्रास असलेल्यांना मात्र नाही. हे घमेलं आमच्या ओपीडीत विनोदाचा विषय आहे, पण रात्री अडीच वाजता घाबरून उठलेल्या माणसाला समुद्रापेक्षा ते जवळ असतं.

त्यानंतर शहरातला जलतरण तलाव. सकाळची गर्दी नसलेली वेळ, कमरेएवढं पाणी, डोळ्यांना गॉगल, आणि सोबत घरचं एक माणूस, जे दादांच्या समोर उभं राहील, मागे नाही. पाण्यात तोंड घालून बुडबुडे सोडायचे. ते जमलं की पाठीवर तरंगायचं. याला महिना लागला तरी चालेल. उजनीत किंवा हिप्परग्याच्या तलावात कुणी ‘डायव्हिंग करून देतो’ म्हणालं तर जाऊ नका. गाळ, शेवाळ, बुडालेली झाडं, आणि हातभरावरचं दिसत नाही.

हे सगळं झालं, पेशंटने स्वतः ‘जायचंय’ म्हटलं (बहिणीने नव्हे, त्याने), तर मग किनारा. पावसाळ्यात तिथे सगळं बंद असतं, साधारण ऑक्टोबर ते मे हाच हंगाम. पर्यटकांची रांग लागते तिथे जाऊ नका, रीतसर कोर्स शिकवणाऱ्यांकडे जा. तारकर्लीला एमटीडीसीचं प्रशिक्षण केंद्र आहे. शिक्षकाला आधी फोन करून खरं ते सांगा: माणूस फौजी आहे, मागून धरायचं नाही, समोर राहायचं, हात लावण्याआधी खूण करायची. ऐकून तो ‘काय होत नाही ओ, रोज दोनशे माणसं उतरवतो’ म्हणाला, तर दुसरा शोधा. नवशिक्याचा पूर्ण कोर्सही १८ मीटरपर्यंतच नेतो. दादांना तेवढंही लागणार नाही. सात-आठ मीटरवर वाळूत गुडघे टेकून शांत बसता आलं तरी पुष्कळ झालं.

परतीचं कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. लगेच उंचीवर गेलात तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे रक्तात बुडबुडे धरू शकतात. विमानासाठी नियम आहे: एका डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्हनंतर १८ तास थांबायचं. आता सोलापूर-गोवा विमान सुरू झाल्यापासून लोक सकाळी डाइव्ह आणि दुपारी विमान असा बेत करतात, तो धोक्याचा आहे. गाडीने आलात तरी घाट आहेच. आंबोली ७०० मीटरच्या आसपास, आणि आपलं सोलापूरसुद्धा समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर वर. काही मिनिटांच्या उथळ डुबकीने काही होत नाही, पण कोर्सचे सलग डाइव्ह केले असतील तर त्या रात्री मालवणलाच मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी निघा.

आत्ता काय करायचं ते सांगतो. दादांना सिव्हिलच्या मानसोपचार विभागात दाखवा, नाहीतर जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड असेल तर त्यातून काय मिळतं ते विचारा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही चौकशी करा. रात्री-अपरात्री धीर सुटला तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. पीटीएसडीची लक्षणं मोजणारी पीसीएल-५ नावाची वीस प्रश्नांची चाचणी भरून घ्या आणि तारीख टाकून ठेवा. तिचे गुण शून्य ते ८० असतात, पुढे कशाने किती फरक पडला हे त्यावरूनच कळेल. येताना त्यांचे सैन्यातले वैद्यकीय कागद आणा, विशेषतः कानाचे आणि डोक्याच्या दुखापतीचे. आणि खोलीत बसताना दार त्यांना दिसेल अशी खुर्ची द्या. डॉक्टरांच्या लक्षात आलं नाही तर तुम्हीच उठून हलवा.